‘कुठलं औषध चालू आहे?’ – ‘काहीच नाही’ : वनौषधी आणि यकृत

सांजवात

गेले चार महिने इथे फिरकले नव्हते, त्याचं कारण आज लिहिते. लांबण लागेल, आधीच सांगून ठेवते.

सुरुवात खाजेपासून झाली. तळहात आणि तळपाय. रात्रीचे अकरा वाजले की सुरू. पुरळ नाही, गांध्या नाहीत, वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही, आणि खाज अशी की उठून बाथरूमच्या खरखरीत फरशीवर तळवे घासत उभी राहायचे. पाठीसाठी कंगवा उशाशी ठेवला होता. आठवडाभर साबण बदल, चादरी बदल, असं चाललं. मग लघवी गडद व्हायला लागली. पाणी कमी पडतंय, असं निदान मीच केलं आणि तांब्या भरून जवळ ठेवला. शेवटी एका सकाळी खिडकीशी पेपर वाचत बसले होते, तर नवरा म्हणाला, "जरा इकडे बघ. आता वर बघ." डोळे पिवळे.

रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे ज्याने डोळे पिवळे होतात ते, १४.२. यकृताची दोन विकरं (एन्झाइम्स) वाढलेली: एसजीपीटी ३१०, अल्कलाइन फॉस्फटेज ३८०. मी दारू घेत नाही. कावीळ ए, बी, सी, ई सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही, पित्तनलिका फुगलेली नाही. 'ऑटोइम्यून'च्या, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याच्या, चाचण्याही कोऱ्या.

आता ज्यासाठी धागा काढला ते. दाखल झाल्यापासून तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू आहे?" आणि मी तीनही वेळा "नाही" म्हणाले. मी लपवत नव्हते हो! माझ्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली गोळी. ती खरंच नव्हती.

चौथ्या रात्री रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीने प्रश्न फिरवला. "काकू, झोप नीट लागते का? त्यासाठी काय करता?" मी म्हटलं, लागते की, अश्वगंधा घेते ना. तिचं पेन तिथेच थांबलं. "अजून काय घेता?" मला पटकन आठवेना. मग ती म्हणाली, "घरी फोन करा. ओट्यावर, फ्रिजवर, उशाशी ज्या डब्या-बाटल्या असतील त्या सगळ्या एका टेबलावर मांडून फोटो मागवा."

फोटोत चार वस्तू होत्या. अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूल, दहा आठवड्यांपासून. गुडघ्यांसाठी हळदीचा अर्क, त्यात मिरीचा अर्क घातलेला, वर्षभरापासून. त्रिफळा चूर्ण, अधूनमधून. आणि एक 'डिटॉक्स'चं पाकीट, बारीक अक्षरात नऊ घटक, अर्धं संपलेलं. ते कोणी दिलं ते आजही आठवत नाही.

चारही बंद. खाजेसाठी आणि पित्त वाहतं राहावं म्हणून औषधं दिली. बिलिरुबिन आधी १६ वर गेलं, मग उतरायला लागलं, आणि पूर्ण जागेवर यायला अकरा आठवडे लागले. डॉक्टरांचा पहिला संशय अश्वगंधेवर. "शंभर टक्के सांगता येत नाही, पण वेळ जुळते आणि चेहरामोहरा जुळतो," असं ते म्हणाले.

कोणाला असा अनुभव आहे का? आणि जाणकारांनी जरा सांगावं, हे नेमकं होतं कसं?

रेघोट्या

बाप रे. काळजी घ्या. तो तांब्याचा किस्सा वाचून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मीही हेच केलं असतं.

यकृतवाला

सांजवातताई, आधी बऱ्या झालात ते छान. पोटविकार विभागात काम करतो, त्यामुळे हा धागा माझ्याच अंगणातला.

तुमचे आकडे घेऊन एक छोटं गणित करू. एसजीपीटी सामान्य कमाल मर्यादेच्या किती पट आहे ते पाहायचं. ४० धरली तर ३१० म्हणजे पावणेआठ पट. अल्कलाइन फॉस्फटेजची मर्यादा १२० धरली तर ३८० म्हणजे तीन पटींहून थोडं जास्त. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की अडीचच्या आसपास येतं. हा भागाकार ५ किंवा वर असेल तर मार मुख्यतः यकृताच्या पेशींवर, २ किंवा खाली असेल तर पित्ताचा प्रवाह अडलेला, आणि मधे असेल तर मिश्र. तुमचं मिश्र, पित्ताकडे झुकणारं. खाज त्याचीच. पित्तातले घटक रक्तात साठतात आणि रात्री तळव्यांना छळतात.

अश्वगंधेबद्दल २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले मिळून पाच रुग्ण एकत्र प्रसिद्ध झाले. पाचही जणांना कावीळ, खाज, आणि नमुना पित्तरोधाचा किंवा मिश्र. बरं व्हायला एक ते पाच महिने. तुमच्या डॉक्टरांनी 'चेहरामोहरा जुळतो' म्हटलं ते याच अर्थाने. प्रत्येक औषधाची यकृताला इजा करण्याची साधारण एक ढब असते, जशी चोराची घर फोडण्याची.

आता 'होतं कसं'. आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं प्रवेशिकाशिरेतून आधी यकृतात येतं, मग बाकी शरीरात. यकृताला वनस्पती आणि कारखान्यातली गोळी यांतला फरक कळत नाही, त्याला रेणू कळतो. तो पाण्यात विरघळेल असा करून बाहेर काढणं हे त्याचं काम. या खटपटीत कधी कधी मूळ पदार्थापेक्षा मधला पदार्थ जास्त जहाल निघतो. तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि पेशी मरते, किंवा प्रतिकारशक्तीला ती परकी वाटायला लागते.

यात दोन प्रकार आहेत. एकात मात्रा वाढली की कोणाचंही यकृत बिघडेल. पॅरासिटामॉलचा अतिरेक हे त्याचं नेहमीचं उदाहरण. दुसऱ्यात हजारो लोक तीच वस्तू पचवतात आणि एखाद्यालाच बाधते. वनौषधींच्या बहुतेक केसेस या दुसऱ्या प्रकारच्या, आणि म्हणूनच वाद होतात. "मी दहा वर्षं घेतोय, मला काही झालं नाही" हे वाक्य खरं असतं आणि त्यातून दुसऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

काढेवाला

आला पुन्हा आयुर्वेदावर हल्ला. हजारो वर्षं लोक या वनस्पती घेताहेत. आपले पूर्वज काय वेडे होते? अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्यांनी किती यकृतं गेली त्याचा धागा कोणी काढत नाही. ताईंना काविळीचं कारण सापडलं नाही म्हणून ढकललं अश्वगंधेवर. नैसर्गिक गोष्टी बाधत नाहीत, त्यातली भेसळ बाधते.

मीच_तो_शंकेखोर

धतुरा नैसर्गिकच आहे. एक वाटी घ्या आणि कळवा. (हलके घ्या.)

यकृतवाला

काढेवाला, तुमच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे, तो आधी घेतो. आधुनिक औषधं यकृत बिघडवतात, आणि भरपूर बिघडवतात. अमेरिका-ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण पॅरासिटामॉल आहे. आपल्याकडे औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेत क्षयरोगाच्या गोळ्यांचा क्रमांक वरचा. ट्रोग्लिटाझोन नावाचं मधुमेहाचं औषध यकृत निकामी करतं म्हणून २००० मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून काढावं लागलं. पण ते काढता आलं, कारण कोण घेतंय, किती घेतंय आणि कोणाला काय झालं, याची मोजणी होत होती. ओट्यावरच्या डबीची मोजणी कोण करतं?

'हजारो वर्षं'बद्दल एक गोष्ट सांगतो. ही मला फार आवडते. युरोपात जर्मँडर नावाची एक झुडपी वनस्पती आहे, पुदिन्याच्या कुळातली. प्राचीन ग्रीकांपासून औषधात. दोन हजार वर्षांत तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढला नव्हता. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये तिच्या चूर्णाच्या कॅप्सूल वजन कमी करण्यासाठी जोरात विकल्या जाऊ लागल्या, आणि काविळीचे रुग्ण यायला लागले. काही जण बरे झाल्यावर पुन्हा त्याच कॅप्सूल घेऊन पुन्हा पिवळे होऊन आले. १९९२ मध्ये फ्रान्सने विक्री बंद केली. पुढे प्रयोगशाळेत कळलं की तिच्यातला एक घटक यकृतातलं एक विकरच जहाल करून सोडतं. म्हणजे विष बाटलीत नव्हतं, ते यकृतात तयार होत होतं.

दोन हजार वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही? विचार करून बघा. औषध आज सुरू, कावीळ दोन महिन्यांनी, तीही कित्येक हजारांत एकाला. गावातल्या वैद्याकडे काविळीचे रुग्ण दूषित पाण्यामुळे तसेही येतच असणार. त्या गर्दीतून हा एक वेगळा काढायचा तर आधी विषाणूंच्या काविळी ओळखता यायला हव्यात. हेपटायटिस सी-चा विषाणू सापडला १९८९ मध्ये! पूर्वज वेडे नव्हते, पण त्यांच्याकडे चाळणी नव्हती.

प्रयोगशाळेतली

मी रक्ताचे नमुने तपासते, त्यामुळे माझा संबंध फक्त नळीशी. पण एक सांगते. नळी फिरवून घेतली की वरचा सीरम एरवी फिक्या गवती रंगाचा असतो. बिलिरुबिन १४ वाला नमुना बाहेर काढला की आकडा यायच्या आधीच कळतं. गर्द पिवळा, उजेडात धरला तर किंचित हिरवट. अशा नळीबरोबर आलेल्या कागदावर 'औषधांचा तपशील' असा एक रकाना असतो. सोळा वर्षांत मी तो भरलेला अगदी मोजक्या वेळा पाहिला आहे. बाकी कोरा, नाहीतर एक आडवी रेघ.

हिरडा_बेहडा

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि वीस वर्षं दवाखाना चालवते. काढेवाला, माझ्या शास्त्राची वकिली जरा मला करू द्या.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असं कुठल्याही संहितेत लिहिलेलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, उलट म्हटलंय: नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं, आणि चुकीचं योजलं तर औषधही तीक्ष्ण विष होतं. बिब्बा शोधन केल्याशिवाय, म्हणजे त्याचा विषारीपणा काढल्याशिवाय, पोटात देत नाहीत, बचनाग तर त्याहून नाही. रोग्याचं बळ, अग्नी, वय, ऋतू, मात्रा, किती दिवस, कशाबरोबर, एवढं सगळं पाहून औषध द्यायचं असतं. दुकानातून डबी उचलून 'स्ट्रेससाठी रोज दोन' हे आयुर्वेद नाही, ही खरेदी आहे.

दुसरं, अर्क. माझ्या हातातलं अश्वगंधा चूर्ण आणि बाजारातली कॅप्सूल या एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. कॅप्सूलमध्ये विदानोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतले मुख्य घटक, ठरावीक टक्क्यांपर्यंत आटवून आणलेली असतात. ग्रंथातल्या अनुभवाचा दाखला त्या कॅप्सूलला लावता येत नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर कावा नावाचं मूळ पाण्यात कुस्करून पिढ्यानपिढ्या प्यायचे. युरोपात त्याचे अल्कोहोल नि अ‍ॅसिटोनमध्ये काढलेले अर्क आले, यकृताच्या तक्रारी आल्या, आणि जर्मनीने २००२ मध्ये परवाने काढून घेतले. त्यावरून पुढे बराच वाद झाला, कोर्टाने २०१४ मध्ये तो निर्णय फिरवलाही. पण अर्क बदलला की औषध बदलतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता माझ्याच बाजूची एक अडचणीची गोष्ट. बावची, सोनामुखी, गुळवेल यांच्याबद्दल यकृताच्या इजेचे अहवाल आलेले आहेत. माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेक जण ते वाचतच नाहीत, वाचले तर 'कट आहे' म्हणतात. मला ते पटत नाही. सोनामुखी चार दिवसांसाठी आहे. ती वर्षानुवर्षं रोज घेणारे लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याशी रोज भांडते.

कुंपणावरचा

गुळवेलाचं नक्की काय झालं होतं? करोनाच्या काळात आमच्या गच्चीत वेल लावून रोज काढा प्यायलो आम्ही. कुटुंबात पाच जण.

यकृतवाला

मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत पाहिलेले सहा रुग्ण २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. बऱ्याच जणांमध्ये चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. काहींना तो आजार आधीपासून सुप्त असावा आणि गुळवेलाने उघडा पाडला असावा. गंमत बघा, लोक जे 'प्रतिकारशक्ती वाढवायला' घेत होते त्याचं तेच काम इथे नडलं असण्याची शक्यता आहे. थायरॉइडचा ऑटोइम्यून प्रकार, संधिवात, सोरायसिस असलेल्यांनी यात जास्त जपून राहावं.

आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी, त्याच प्रजातिकुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा लोकांनी चुकून वापरली असावी.

माळीबुवा

चुकीची वेल हे अगदी शक्य आहे. माझी रोपवाटिका आहे. पानं बदामाच्या आकाराची दिसली की गिऱ्हाईक 'हीच ती' म्हणून मोकळं. वाळवून, कुटून, पूड केल्यावर तर ओळखायला काहीच उरत नाही. मी स्वतः पूड बघून सांगू शकणार नाही, आणि कोणी सांगतो म्हणाला तर विश्वास ठेवणार नाही.

बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी सारख्या नावाची दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया, आली होती. बायकांच्या किडन्या गेल्या. यकृताचा विषय नाही, पण अदलाबदल कशी होते त्यासाठी सांगितलं.

आणि अदलाबदल औषधातच होते असं नाही. अफगाणिस्तानात १९७०च्या दशकात गव्हाच्या शेतात हेलिओट्रोपियम नावाचं तण माजलं, त्याच्या बिया धान्यात दळल्या गेल्या, आणि गावंच्या गावं पोटात पाणी होऊन आजारी पडली. त्या बियांतली अल्कलॉइड्स यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्याच बुजवतात. कॉम्फ्रे या वनस्पतीत तीच जात. तिची पोटात घ्यायची उत्पादनं मागे घ्या, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये उत्पादकांना सांगितलं. इथे नशिबाचा भाग नाही, पुरेसं पोटात गेलं की कोणालाही होणार.

कुंपणावरचा

म्हणजे आता वेल उपटू का?

माळीबुवा

वेल राहू द्या. छान दिसते.

फिटनेसफंडे

हळदीच्या कॅप्सूलबद्दल ऐकून दचकलो. मी जिममधल्या मुलाच्या सांगण्यावरून हळद-मिरी आणि ग्रीन टी अर्क दोन्ही घेतो. स्वयंपाकातली हळद तर सगळेच खातात की? मग?

यकृतवाला

स्वयंपाकातल्या हळदीची काळजी नको. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फारसं शोषलं जात नाही. कॅप्सूलमध्ये ते आटवून ५०० किंवा १००० मिलिग्रॅम केलेलं असतं, वर मिरीतलं पायपरिन. १९९८च्या एका प्रयोगात पायपरिनमुळे माणसांमध्ये कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढलेलं दिसलं. जाहिरातीत ही गोष्ट अभिमानाने लिहितात. यकृताच्या बाजूने बघितलं तर शरीराने दाराशी अडवलेली वस्तू मागच्या दाराने आत घेतली, असं म्हणता येईल.

अमेरिकेत औषधजन्य यकृत-इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीचे दहा रुग्ण मांडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. त्या दहांपैकी सात जणांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हे एकच जनुकीय रूप होतं. ग्रीन टी अर्काने यकृत बिघडलेल्यांमध्येही तेच रूप वारंवार सापडतं. म्हणजे 'एखाद्यालाच का' या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं मिळायला लागलंय. पण ते रूप असलेले बहुतेक लोक हळद-ग्रीन टी पचवतातही, त्यामुळे सगळ्यांची चाचणी करून फायदा नाही.

ग्रीन टी कपातून पिणं वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं की पूरक गोळ्यांतून ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताची विकरं वाढताना दिसतात. तुमच्या डबीवर आकडा बघा. आकडाच नसेल तर ती डबी कशाला घ्यायची?

आणि जिममधल्या मुलाने 'मसल'साठी आणखी काही दिलंय का, तेही बघा. शरीरसौष्ठवाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत लेबलवर न छापलेली अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइड्स सापडलेली आहेत. त्यांची कावीळ महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि सांजवातताईंसारखीच खाज.

फिटनेसफंडे

डबीवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' एवढंच आहे. आकडा नाही. बंद केलं.

काढेवाला

[हा प्रतिसाद संपादित. वैयक्तिक शेरे काढले आहेत. धागा आरोग्याचा आहे, कृपया विषयावर बोला. – संपादक]

पानगळ

माझ्या मामांचं सांगते. सांध्यांसाठी कुठलंसं चूर्ण घ्यायचे. दोन महिन्यांनी कावीळ झाली. चूर्ण बंद केल्यावर बरे झाले, सगळ्यांनी 'पाण्यामुळे झाली असेल' म्हटलं. सहा महिन्यांनी गुडघे पुन्हा दुखायला लागले, डबी कपाटात होतीच. या वेळी नवव्या दिवशी डोळे पिवळे. पहिल्यांदा दोन महिने, दुसऱ्यांदा नऊ दिवस. डोकं गरगरायला लागलं, बोलणं असंबद्ध, आयसीयू. वाचले. डबी मामीने फेकली नाही बरं का, डॉक्टरांनी मागितली म्हणून जपून ठेवली होती, ती शेवटी परत आलीच नाही.

यकृतवाला

पानगळ, हा सगळ्यांत भक्कम पुरावा असतो आणि सगळ्यांत धोक्याचा. प्रतिकारशक्तीला चेहरा आधीच माहीत झालेला असतो, त्यामुळे दुसरी वेळ लवकर येते आणि जोरात येते. मुद्दाम तपासून बघायला म्हणून आम्ही हे कधीच करत नाही.

असंबद्ध बोलणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, रक्त गोठायला वेळ लागणं, यांतलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही, यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं. झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या निरीक्षणावरून एक आडाखा आहे: पेशींना मार बसल्याच्या नमुन्यात कावीळही आली, म्हणजे एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर, तर साधारण दहांत एक जण दगावतो किंवा त्याला प्रत्यारोपण लागतं. नुसतं एसजीपीटी ९० आलं तर घाबरायचं नाही. ९० आणि डोळे पिवळे, तर त्याच दिवशी दाखवायचं.

रेघोट्या

मग यकृत बिघडल्यावर 'लिव्हर टॉनिक' द्यावं का? घरोघरी देतात.

यकृतवाला

जे चालू आहे ते थांबवायचं असतं, त्यात नवीन भर घालायची नसते. तुमच्या टॉनिकमध्ये पाच-सात वनस्पती असणार. उद्या आकडे वाढले तर कोणामुळे, ते मला कसं कळणार? सिलिमरिन या यकृतासाठी दिल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य औषधाने अपाय फारसा होत नाही, पण अशा काविळीत त्याने बरं होतं असा भरवशाचा पुरावाही नाही. बहुतेक यकृतं कारण काढलं की आपसूक भरून येतात. मग श्रेय टॉनिकला जातं.

हिरडा_बेहडा

सहमत. आणि काविळीसाठी मुळ्या, माळा, नाकात थेंब टाकणं चालतं ते तर नकोच. नाकात कडू भोपळ्याचा रस घालून सुजलेली नाकं पाहिली आहेत मी.

एक राहिलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी उलटा प्रश्न विचारते, "इंग्रजी औषधं कुठली चालू आहेत?" तेही लपवतात! डॉक्टरला वनौषधी सांगत नाहीत, वैद्याला गोळ्या सांगत नाहीत. मधे यकृत एकटं दोघांचा हिशेब करत बसतं. युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीवर घेतात, तिच्यामुळे यकृत दुसरी औषधं भराभर जाळतं. २००० साली हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची बातमी आली होती. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी तिच्यामुळे उतरली आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं.

काढेवाला

ठीक आहे. माझ्या बायकोचा थायरॉइड ऑटोइम्यून आहे आणि ती वर्षभर गुळवेल घेते. काही त्रास नाही. तरी कुठली तपासणी करू?

यकृतवाला

लिव्हर फंक्शन टेस्ट, बस. आणि गुळवेल तूर्त थांबवा. सगळं नॉर्मल असेल तर आनंदच. विचारलंत ते बरं केलंत.

सांजवात

सगळ्यांचे आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यातला रिपोर्ट: बिलिरुबिन ०.८, एसजीपीटी २६. गुडघे दुखतात, झोप यथातथाच. दोन्हीसाठी सध्या फक्त चालते.

आज आईला फोन केला. ती ७६ वर्षांची. विचारलं, "आई, औषधं काय काय चालू आहेत गं?" तर म्हणाली, "काही नाही. बीपीची एक गोळी."

म्हटलं व्हिडिओ लाव आणि फोन फिरव ओट्याकडे. फिरवला. सहा डब्या. पाच ओळखल्या. सहाव्यावर लेबल नव्हतं.

"हे काय आहे?"

"ते तुझ्या मावशीने दिलंय. तिला कोणी दिलं ते विचारायला हवं."

हिरडा_बेहडा

रंग कोणता? पूड हाताला जड लागते का?

सांजवात

राखाडी. थांबा, विचारते.

हो म्हणाली. "एवढ्याशा डबीच्या मानाने बरीच जड आहे."

हिरडा_बेहडा

मग ते धातूचं भस्म असावं, वनस्पती नाही. आत्ताच बंद करा. डबी ठेवून द्या, आणि शिसं-पारा-आर्सेनिकसाठी रक्त तपासता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मावशी किती दिवस घेताहेत?